समासातले तीन पावसाळे

१

फोटो अगदी स्वच्छ आला होता, तीच पंचाईत होती. जरा हलला असता, अंधुक आला असता, तर आम्ही सरळ कानावर हात ठेवले असते. पण कागदाच्या चारही कडा दिसत होत्या, वरचा शिक्का दिसत होता आणि समासात निळ्या शाईने लिहिलेला आकडाही दिसत होता. तीन.

"कुठून आला हा?" मी विचारलं.

"शेजारच्या देशाच्या माणसाने दाखवला," अटो मेकबिब म्हणाले. "त्याला कुणीतरी पाठवला, त्या कुणाला आणखी कुणी. मला म्हणाला, मेकबिब, तुमची शेवटची रेघ गावभर फिरतेय."

अटो म्हणजे श्रीयुत; अटो मेकबिब आमचे प्रमुख. हवामानबदलाच्या वाटाघाटींत देशातर्फे तेच बोलतात. आणि मी त्सिगे; इथे सगळे मला एतेते, म्हणजे मोठी ताई, म्हणतात. बावीस वर्षं कोर्टात नोंदी लिहिल्या, निवृत्त झाले, तर यांनी घरी येऊन मला इथे आणलं. कागद सांभाळायला माझ्यासारखी खाष्ट बाईच हवी, असं तेव्हा माझ्या तोंडावर म्हणाले होते. आणि माझ्याच कपाटातला कागद आज परक्याच्या फोनमध्ये होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

वाटाघाटीला जाताना दोन कागद असतात. एक जगाला दाखवायचा, की आम्हाला अमुक हवं. दुसरा कुणालाही दाखवायचा नाही. अगदीच गळ्याशी आलं तर कुठवर मागे सरायचं आणि कुठे पाय रोवायचे, ते त्यात असतं. त्यालाच आम्ही शेवटची रेघ म्हणतो. आमच्या कार्यालयात हा कागद संगणकावर ठेवत नाहीत. एकच प्रत, लाल फाइलीत, माझ्या लोखंडी कपाटात. ज्याला वाचायचा त्याने माझ्या वहीत सही करायची आणि संध्याकाळी फाइल परत आणायची.

यंदाचं भांडण दुष्काळाचं. पूर आला, वादळ आलं की नुकसानीच्या निधीतून मदत निघावी, हे सगळ्यांना मान्य होतं. पण दुष्काळ पावलापावलाने येतो. तो आला हे म्हणायचं कधी? मसुद्यात होतं, 'सलग अमुक इतके पावसाळे कोरडे गेले तर'. ते अमुक म्हणजे किती, यावर सहा महिने डोकेफोड चालली होती. आम्ही म्हणत होतो एक. पलीकडचा श्रीमंतांचा गट म्हणत होता चार.

"सकाळच्या भेटीत पलीकडच्या गटाची ती निळ्या स्कार्फवाली बाई काय म्हणाली, माहीत आहे?" अटो मेकबिब म्हणाले. "चहा ढवळता ढवळता म्हणाली, तीनवर तुमचं भागेल, नाही का? मला वाटलं, अंदाजाने दगड मारतेय. दुपारी हा फोटो पाहिला."

"अक्षर दार्मीचं आहे," मी म्हणाले.

"म्हणून तर. आज शुक्रवार, रविवारी वाटाघाटींसाठी बॉनचं विमान. उद्या संध्याकाळपर्यंत मला नाव हवंय, एतेते. नाही मिळालं तर दार्मीला शिष्टमंडळातून उतरवावं लागेल. वरून तसं सांगणं आलंय. आणि नुसतं उतरवून थांबणार नाहीत ते, वकिलीची सनदही जाईल."

दार्मी आमची कायद्याची सल्लागार, वय एकतीस. बोरानाच्या कोरड्या मुलखातली, गुराख्याची मुलगी. निधीच्या मसुद्यातलं एकेक कलम तिला तोंडपाठ. ती नसली तर आमची माणसं बॉनला नुसती माना डोलवून परत आली असती.

"नाव मिळेल," मी म्हणाले आणि वही काढली.

२

वहीत या आठवड्याच्या चारच ओळी होत्या. सोमवार, अटो मेकबिब. मंगळवार, सेइद, आमचा अर्थतज्ज्ञ. बुधवार, दार्मी. गुरुवारी फाइल कपाटातच होती. शुक्रवारी डॉक्टर नाहोम यांची पाळी, ते धोरणाचे सल्लागार; पण त्यांच्या नावापुढे सही नव्हती. आज सकाळी फाइल द्यायला गेले तर हसून म्हणाले होते, "एतेते, वेळच नाही. कायद्याच्या लोकांवर माझा विश्वास आहे."

मी लाल फाइल उघडून खरा कागद फोटोशेजारी ठेवला. मंगळवारपर्यंत आकड्याची जागा कोरी होती, सेइदने परत दिली तेव्हा मी स्वतः पाहिली होती. फोटोत समासात 'तीन'. आणि खऱ्या कागदावर तो 'तीन' खोडलेला, वर ठळक 'दोन'.

दार्मीला बोलावलं. ती आली ती दारातच उभी राहिली. फोटोची बातमी तिच्यापर्यंत पोचली होती.

"बस," मी म्हणाले. "बुधवारी फाइल दिवसभर तुझ्याकडे होती?"

"हो, एतेते."

"तीन कधी लिहिलंस?"

"सकाळी. चहाच्या वेळेला."

"आणि खोडलंस कधी?"

"जेवणाच्या सुट्टीनंतर. लगेच."

"म्हणजे कागदावर नुसता तीन फक्त चहापासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत होता. फोटो तेवढ्यातला. त्या वेळात फाइल कुठे होती?"

"माझ्याकडेच. सुट्टीत खाली गेले तेव्हा कपाटात ठेवून कुलूप लावलं."

बावीस वर्षं मी साक्षी ऐकल्यात. माणूस खोटं बोलायला लागला की कुलूप, किल्ली, घड्याळ असं सगळं न विचारता सांगतो.

"तुझ्या खोलीतल्या कपाटाचं कुलूप सोमवारी बिघडलं," मी म्हणाले. "दुरुस्तीची चिठ्ठी तूच माझ्या टेबलावर ठेवलीस. आता खरं सांग, नाहीतर मी उठते. मग तू जाण आणि वरचे लोक जाणोत."

तिची मान खाली गेली. ती नखं खुडत राहिली.

"अब्बांचा फोन आला होता," ती शेवटी म्हणाली. "गावाला रेंज नाही. टेकडी चढून वर जातात, तेव्हा लागतो. माझ्या खोलीतही आवाज तुटतो. मी फाइल मिटली, टेबलावर ठेवली आणि अंगणात धावले. दार नुसतं ओढून घेतलं. ते दार कसं आहे तुम्हाला माहीत आहे, जरा उचलून ढकललं की उघडतं."

"किती वेळ होतीस खाली?"

"पाऊणएक तास असेन. मध्ये फोन कटला, मी परत लावत होते."

"काय म्हणाले अब्बा?"

"पाचवा पाऊसही गेला म्हणाले. आमच्याकडे वर्षाला दोन खेपा, एतेते. पाच खेपा कोरड्या. शेवटची गाय बसली ती उठत नाही म्हणाले." तिने डोळे पुसले नाहीत, तशीच बोलत राहिली. "वर आले आणि माझाच कागद वाचला. तीन. खुर्चीत बसून तीन लिहायला काय जातं? दुसरा पाऊस गेला तेव्हाच आमची सगळी वासरं मेली होती. मी खोडलं आणि दोन लिहिलं. याच्या मागे आपण जायचं नाही, असं ठरवून लिहिलं."

"हे आधीच का नाही सांगितलंस?"

"फाइल उघड्यावर टाकून गेले, हे कुठल्या तोंडाने सांगणार? नियम तुमचा आहे."

तिचा मला राग आला आणि कीवही आली. तिला तसंच बसवून ठेवलं आणि बाहेर पडले. चूक तिने केली होती, पण फोटो तिने काढला नव्हता. स्वतःची शेवटची रेघ विकणारी बाई तासाभराने ती बदलत बसत नाही.

हे मला पटलं होतं. अटो मेकबिबना पटवायला मात्र पुरावा हवा होता.

३

बुधवारी जेवणाच्या वेळी मी स्वतः जागेवर नव्हते. अटो मेकबिबबरोबर मंत्रालयात होते, शिष्टमंडळाच्या पत्रांवर शिक्के घ्यायला. म्हणजे ते सुटले. आमच्या मजल्यावर दार्मी सोडून दोघंच उरले होते, सेइद आणि नाहोम.

खाली खानावळ आहे, वुबित चालवते. पाच कार्यालयांची माणसं तिथे जेवतात. इमारतीत कोण कुणाकडे गेलं, हे पोलिसांपेक्षा वुबितला जास्त कळतं. आणि माझं पोट तिच्याच हातात आहे. बुधवारी मंत्रालयातून उपाशीपोटी परतले तेव्हा तिने पातेल्यातला उरलेला कोंबडीचा रस्सा वर लोणी सोडून मला वाढला होता. फासिकाचा, म्हणजे ईस्टरचा, सण झाल्यापासून तिचा हात लोण्याला जरा सैलच सुटला होता, माझा घागरा कमरेत होईना.

"बुधवारी सुट्टीत वरच्या मजल्यावर कोण गेलं?" मी विचारलं.

"तुमचा सेइद," ती लगेच म्हणाली. "माझ्याकडून कॉफीचा कप घेतला आणि जिना चढला. स्वतः पीत नाही तो माझी कॉफी, आईने दिलेला डबा खातो झाडाखाली बसून. मग कप कुणासाठी नेला, हे तुम्हीच विचारा."

दार्मी येण्याआधी शिष्टमंडळातली ती जागा सेइदला मिळणार होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सेइदने एकदा चिडून बोलूनही दाखवलं होतं.

त्याला गाठलं तेव्हा तो खिडकीशी उभा राहून नखाने रंग खरवडत होता.

"सेइद, बुधवारी दार्मीच्या खोलीत गेला होतास."

त्याने नाही म्हटलं नाही. "गेलो होतो."

"का?"

"कॉफी द्यायला. अंगणात उभी राहून फोनवर बोलत होती, रडत होती. वर आल्यावर गरम काही घेईल म्हणून कप ठेवायला गेलो. दार उघडंच होतं."

"आणि?"

"टेबलावर लाल फाइल होती. उघडी. कागद असा वर." त्याने तळहात पसरून दाखवला. "माझी पाळी मंगळवारी झाली होती, मला बघायचं नव्हतं. मी फाइल मिटली, कप ठेवला, दार ओढलं आणि निघालो. सांगितलं असतं तर पोरीची नोकरी गेली असती."

"तिची नोकरी गेली तर जागा तुला मिळेल, सेइद."

तो पहिल्यांदा माझ्याकडे वळला. "मला जागा हवी आहे, एतेते. पण अशी मिळाली तर घरी आईला काय सांगू?"

मी जिना उतरता उतरता थांबले. दार्मी म्हणाली होती, फाइल मिटून गेले. सेइद म्हणत होता, फाइल उघडी होती. दोघांनी एकमेकांशी बोलून ठरवलं असतं तर दोघांची गोष्ट जुळली असती. ती जुळत नव्हती, म्हणूनच मला खरी वाटली. दार्मी गेल्यावर आणि सेइद यायच्या आधी कुणीतरी ती फाइल उघडली होती.

४

शनिवारी सकाळी डॉक्टर नाहोमच्या खोलीत गेले. टोरांटोला वाढलेला माणूस, दोन वर्षांपूर्वी मायदेशी परत आला. हुशार, यात शंका नाही. पण आपण इथलेच आहोत हे दाखवायचा त्याला भारी सोस. गळ्यात आमच्या ख्रिस्ती लोकांचा काळा दोरा, भिंतीवर ढाल, बोलताना आमच्याहून आमचा.

"या, एतेते. कॉफी?" तो उठून उभा राहिला. "फार वाईट झालं. दार्मी गुणी मुलगी आहे. पण भावनेच्या भरात माणूस काय करेल सांगता येत नाही."

"म्हणजे तिनेच केलं असं म्हणता?"

"मी कशाला म्हणू? फाइल तिच्याकडे होती, एवढंच म्हणतो. मी तर ती उघडलीही नाही. तुमची वहीच सांगेल."

"वही तसंच सांगते," मी म्हणाले. "बुधवारी जेवणाच्या सुट्टीत तुम्ही कुठे होता, डॉक्टर? सगळ्यांना विचारतेय, राग नको."

"राग कसला? खाली वुबितच्या खानावळीत. अगदी दाराजवळच्या टेबलावर." तो हसला. "बुधवार ना, म्हणून उपासाची थाळी. डाळ, भाजी, शिरो, मांस-लोणी वर्ज्य. आईने लहानपणी लावलेली सवय आहे, बुधवार-शुक्रवार मी चुकवत नाही. तिकडे बर्फात राहूनही चुकवला नाही."

"एकटेच होता?"

"एकटाच. गर्दी होती, वुबितच्या लक्षात नसेल."

"नसेल," मी म्हणाले. कॉफी संपवली, कप खाली ठेवला. उठताना माझे गुडघे वाजले. मनातून मात्र मला विशीतल्यासारखं वाटत होतं. आता माझ्या हातात पकडायला धागा होता.

खाली वुबितकडे गेले आणि तिला एकच प्रश्न विचारला. तिने माझ्याकडे असं पाहिलं की बाईला म्हातारपण लागलं की काय.

मग वर येऊन गुरुवारच्या बैठकीची वही काढली. बैठकीत कोण काय बोललं ते मी शब्दन्‌शब्द लिहिते, कोर्टाची खोड. पोरं चेष्टा करतात, एतेते शिंकही नोंदवतात म्हणून. तिसऱ्या पानावर हवं ते सापडलं. मी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली.

५

दुपारी सगळ्यांना माझ्या खोलीत बोलावलं. वुबितने शेगडी मांडली, कॉफीचे दाणे भाजले. आमच्याकडे कॉफीच्या तीन फेऱ्या होतात आणि तिसरी घेतल्याशिवाय कुणी उठत नाही. मला तेच हवं होतं. दार्मी कोपऱ्यात, सेइद दाराशी, अटो मेकबिब हाताची घडी घालून, नाहोम पायावर पाय टाकून.

"पहिली फेरी," मी म्हणाले. "फोटो कधी काढला? समासात नुसता तीन होता तेव्हा. तो दार्मीने बुधवारी चहाला लिहिला आणि सुट्टीनंतर खोडला. चहापासून सुट्टीपर्यंत ती खोलीतच होती. म्हणजे फोटो सुट्टीतला."

"हे ती सांगते," नाहोम म्हणाला.

"ती सांगते. आणि सेइद सांगतो की मिटून ठेवलेली फाइल त्याला उघडी सापडली. म्हणजे त्याच्या आधी कुणीतरी आत आलं होतं. अटो मेकबिब आणि मी मंत्रालयात होतो. उरले तुम्ही, डॉक्टर."

"मी खानावळीत होतो, सांगितलं ना तुम्हाला."

"सांगितलंत. उपासाची थाळी खाल्लीत." मी वुबितकडे वळले. "वुबित, बुधवारी किती उपासाच्या थाळ्या गेल्या?"

"एकही नाही," वुबित कॉफी ओतता ओतता म्हणाली. "फासिका झाल्यापासून एकही केली नाही. पन्नास दिवस पुरे होईपर्यंत बुधवार नाही की शुक्रवार नाही, उपास कुणीच करत नाही. डाळीचं पोतं बांधून वर ठेवलंय मी. बुधवारी कोंबडी होती. एतेतेंना उरलेली वाढली."

सेइदने तोंडावर हात धरला; मुसलमान असून त्यालाही हे माहीत होतं. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सणानंतरचे पन्नास दिवस उपास बंद, सगळा गाव मांसाच्या दुकानापुढे रांग लावतो.

"तुम्हाला उपास पाठ आहेत, डॉक्टर," मी म्हणाले. "पण उपास सुटतो कधी ते माहीत नाही. इथे आल्यापासून तुम्ही वुबितकडे जेवलाच नाहीत कधी. तुमचं जेवण रोज हॉटेलातून येतं."

"बरं, मग मी दिवस चुकलो असेन. दुसरीकडे जेवलो असेन. एवढ्यावरून मला चोर ठरवणार?"

"नाही. दुसरी फेरी व्हायचीय अजून." मी गुरुवारची वही उघडली. "गुरुवारच्या बैठकीत अटो मेकबिबनी विचारलं, पलीकडचे चारवर अडून बसले तर काय करायचं? तुमचं उत्तर वाचते. 'आपण एकवर अडून चालणार नाही. बॉनला शेवटी तीनवर यायचंच आहे, मग आढेवेढे कशाला?'"

"तो माझा अंदाज होता. एक आणि चारच्या मधला."

"एक आणि चारच्या मधे दोनही येतात," दार्मी कोपऱ्यातून म्हणाली.

"ऐका, डॉक्टर," मी म्हणाले. "तीन हा आकडा या इमारतीत एका कागदावर होता आणि तोही एक सकाळ. सोमवारी अटो मेकबिबनी कोरी जागा पाहिली. मंगळवारी सेइदने कोरी जागा पाहिली. गुरुवारी फाइलीत दोन होते. बैठकीत तुम्ही तीन म्हणालात, शुक्रवारी ती निळ्या स्कार्फवाली बाई तीन म्हणाली. फाइल वाचायची तुमची पाळी शुक्रवारी होती. ती मी तुमच्या दारात घेऊन आले होते. तेव्हा रीतसर सही करून वाचली असतीत तर तुम्हाला कळलं असतं, की तीन केव्हाच खोडला गेलाय. पण तुम्हाला वाचायची गरजच वाटली नाही. तुम्ही आधीच वाचली होतीत."

नाहोमने कप खाली ठेवला.

"तुम्हाला कळत नाही," तो अटो मेकबिबना म्हणाला, माझ्याकडे न बघता. "दर वर्षी आपण हेच करतो. दोन आठवडे घसा कोरडा करायचा आणि शेवटच्या सकाळी मधल्या आकड्यावर यायचं. ती बाई माझी जुनी सहकारी आहे, सरळ आहे. तिला आपली रेघ कळली तर पहिल्याच दिवशी करार होईल, असा माझा हिशोब होता. पैसा लवकर सुटेल, लोकांनाच मिळेल. मी एक पैसा घेतलेला नाही."

"आणि माझ्यावर खापर फुटलं तेव्हा?" दार्मीने विचारलं.

"ते होईल असं वाटलं नव्हतं."

"पण झालं. काल दुपारपासून तुम्ही गप्प बसलात." ती उठून त्याच्यासमोर आली. तिचा आवाज चढला नव्हता. "खिडकीतून मी दिसत होते का तुम्हाला? अंगणात, फोनवर?"

"दिसत होतीस."

"मग पाऊण तास थांबायचं होतं. मी वर आल्यावर विचारलं असतंत, तर तीन का नाही ते मी तुम्हाला सांगितलं असतं. मागे कुठवर सरायचं हे ज्याची वासरं मेली त्याला विचारतात, डॉक्टर. समोरच्याला दाखवत नाहीत."

अटो मेकबिब उठले. तिसरी फेरी अजून व्हायची होती, पण त्यांनी नाहोमच्या गळ्यातलं ओळखपत्र मागून घेतलं आणि दाराकडे हात केला. तिसरी कॉफी न घेता खोलीतून गेलेला माझ्या पाहण्यातला तो पहिलाच माणूस.

मग ते दार्मीकडे वळले. "फाइल टेबलावर टाकून गेलीस, त्याची नोंद होईल."

"हो, अटो मेकबिब."

"बॉनहून परत आल्यावर होईल." त्यांनी लाल फाइल उघडली. "त्यांना वाटतंय आपण तीनवर येणार. काय करायचं?"

"वाटू द्या," दार्मी म्हणाली. "पहिल्या दिवशी ती बाई तीन घेऊन येईल, हसत. आपण बसून राहायचं. तिची समजूत चुकलीय हे तिला शेवटच्या सकाळपर्यंत कळायला नको. फाइल न्यायला नको, एतेते. मला पाठ आहे."

मी वहीत तिच्या नावापुढे लिहिलं, फाइल नेली नाही. आणि कपाटाला कुलूप लावलं.

६

बारा दिवस मी इथेच होते. बॉनहून रोज एखादा निरोप यायचा. पहिल्या दिवशी निळ्या स्कार्फवाली तीन घेऊन आली, म्हणे अगदी भेटवस्तू दिल्यासारखी. दार्मी म्हणाली, एक. पाचव्या दिवशी त्या बाईने वैतागून विचारलं, तुमचं तीनवर ठरलं होतं ना? दार्मीने विचारलं, कुणाशी? आठव्या दिवशी लहान बेटांचे देश आमच्या बाजूला येऊन बसले.

या वाटाघाटींत जे ठरलेलं नाही ते मसुद्यात कंसात लिहितात. ठरलं की कंस काढतात. तेराव्या दिवशी सकाळी मी वुबितकडे चहा घेत होते, तेव्हा फोन वाजला.

"एतेते, कंस निघाले." दार्मीचा आवाज बसला होता.

"किती?"

"दोन."

वुबितने माझ्या हातातला कप काढून घेतला, सांडत होता म्हणून.

"एक काम कराल?" दार्मी म्हणाली. "मला आता सभागृहात जायचंय, संध्याकाळपर्यंत निघता येणार नाही. अब्बा आज टेकडीवर येतील, बाजाराचा दिवस आहे. तुम्ही सांगाल त्यांना?"

मी अंगणात गेले, ती उभी राहिली होती त्याच जागी. चौथ्या वेळी फोन लागला. तिकडे वारा फार होता. माझी ओरोमो भाषा मोडकीतोडकी, त्यामुळे हळू बोलले; बापाला मुलीच्या नावाने हाक मारायची तिकडची रीत तेवढी पाळली. अब्बा दार्मी, तुमच्या मुलीने करून दाखवलं. यापुढे दोन पाऊस कोरडे गेले की मदत निघेल, सगळ्या जगाने कबूल केलंय.

"दोन," तो म्हणाला. "आमचे पाच गेले."

"हो."

"ती गायही गेली."

"मला वाईट वाटतं, अब्बा दार्मी."

वाऱ्याने आवाज तुटत होता, मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तिने आधीपासून दोनच लिहिले होते का?" त्याने विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. पण वही लिहिणाऱ्या बाईला ते जमत नाही. "नाही. आधी तीन लिहिले होते. तुमचा फोन आला आणि तिने खोडले."

"त्या दिवशी?"

"त्या दिवशी."

"त्या दिवशी अर्धी टेकडी चढून मी दगडावर बसलो होतो," म्हातारा म्हणाला. "म्हटलं, पोरगी कामात असेल, कशाला तिच्या डोक्याला ताप. खाली उतरायलाही लागलो होतो. मग परत वर आलो."